सामान पाकिटातून बरणीत काढताना: एका स्वयंपाकघराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील पाच जणांच्या एका कुटुंबाचे आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच मांडले आहेत. त्या घरातील मुलीची मी आत्या. बरीच वर्षे मी गृहविज्ञान शिकवले असल्यामुळे अडचण उभी राहिल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतले आणि पुढचे सात महिने मी या घरातील बरण्यांचा हिशेब जवळून पाहिला.

घरात माझी आई, भाऊ, वहिनी, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी राहतात. वहिनी बँकेत नोकरी करतात. सकाळचा स्वयंपाक काकू येऊन करून जातात, संध्याकाळचा आई करते आणि रविवारी भाऊ व मुलगा ओट्याशी असतात. एकाच फडताळात इतक्या जणांचे हात जातात, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मुलीला सातव्या वर्षी सिलिॲक आजाराचे निदान झाले. या आजारात गहू आणि जव यांसारख्या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर झिजते, अन्नातील लोह आणि इतर पोषक द्रव्ये नीट शोषली जात नाहीत. त्यावर आजतरी एकच उपाय आहे, तो म्हणजे ग्लूटेन आयुष्यभर कटाक्षाने टाळणे. तिच्या ताटातून गव्हाबरोबर रवा, मैदा, शेवया आणि दलियाही गेले. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई आणि राजगिरा राहिले. भाकरीच्या घरात हा बदल तुलनेने सोपा गेला. पहिल्या वर्षात मुलीचे वजन वाढले, तोंड येणे थांबले आणि रक्तातील प्रतिपिंडांची पातळी, जी या आजारात आहार कितपत पाळला जातो आहे हे सांगते, ती जवळजवळ सामान्य झाली.

त्यानंतरच्या दिवाळीआधी स्वयंपाकघर नव्याने बांधून घेतले. जुन्या फडताळात अर्धी पाकिटे रबर लावून ठेवलेली असत, ती कलंडत, पावसाळ्यात मीठ आणि साखर ओली होई, आणि एकदा उंदराने पोह्यांचे व शेंगदाण्यांचे पाकीट कुरतडले होते. म्हणून वहिनींनी एकसारख्या, घट्ट झाकणाच्या अठ्ठेचाळीस काचेच्या बरण्या आणल्या. दोन संध्याकाळी बसून सारे सामान त्यांत भरले, बरण्यांवर छापील कागदी पट्ट्या चिकटवल्या, आणि रिकामी पाकिटे दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेली. बरण्या घेण्यामागची कारणे खरी होती, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. वहिनींनी हे केवळ शोभेसाठी केले असे नंतर नातेवाइकांत बोलले गेले, ते योग्य नव्हते.

अडचण

पुढच्या जूनमधील तपासणीत प्रतिपिंडांची पातळी पुन्हा वर गेलेली दिसली आणि हिमोग्लोबिन उतरलेले होते. मागे वळून पाहता मार्चपासूनच मुलीचे पोट फुगत होते, ती चिडचिड करत होती आणि शाळेतून आल्यावर आडवी होत होती. परंतु ते परीक्षेच्या ताणावर घातले गेले. डॉक्टरांनी बाहेरच्या खाण्याबद्दल विचारले. बाहेरचे खाणे नव्हतेच. शाळेचा डबा घरचा होता.

मग आहारतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट मागितली: मुलगी आठवडाभरात जे जे खाते, त्या प्रत्येक पदार्थाच्या वेष्टनावरील घटकांच्या यादीचे छायाचित्र पाठवा. वहिनी मोबाइल घेऊन नव्या फडताळासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की छायाचित्र काढण्यासारखे तेथे काहीच नाही. बरणीवर ‘हिंग’ असे लिहिले होते. त्या हिंगात काय आहे, तो कोणत्या कंपनीचा आहे, केव्हाचा आहे, यांपैकी काहीही कोठेही लिहिलेले नव्हते. रात्री त्यांनी मला फोन केला आणि पहिले वाक्य म्हटले, ‘ताई, मला माझ्याच घरातलं सामान ओळखता येत नाहीये.’

शोध

मी दुसऱ्या दिवशी गेले. आम्ही पाच बरण्यांवर संशय घेतला आणि त्यांपैकी तीन बरण्यांत अडचण सापडली.

पहिली हिंगाची. आपण घरी वापरतो तो हिंग बहुधा शुद्ध नसतो. मूळ राळ फार उग्र असल्याने तिच्यात डिंक आणि पीठ मिसळून तो विकला जातो. हे पीठ काही हिंगांत तांदळाचे असते, काहींत गव्हाचे. निदान झाल्यावर वहिनींनी यादी वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग शोधून काढला होता. डिसेंबरात तो संपत आला, तेव्हा भावाने दुकानातून हाताला येईल ती डबी आणली, बरणीत ओतली आणि डबी टाकून दिली. कोणती डबी होती ते त्याला आठवेना. त्याच दुकानातून आम्ही तेथे मिळणाऱ्या तिन्ही प्रकारच्या डब्या आणून वाचल्या; त्यांपैकी दोहोंवर गव्हाच्या पिठाचा उल्लेख होता.

दुसरी बरणी तांदळाच्या पिठीची. ही तपासणी आईने केली आणि मी ती कधी विसरणार नाही. वरच्या फळीवर पांढऱ्या पिठाच्या दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या, एक पिठीची आणि एक मैद्याची. वारंवार धुतल्या-पुसल्याने एकीची पट्टी निघाली होती आणि दुसरीची अर्धवट लोंबत होती. आईने दोन्हींतील चिमूट चिमूट घेऊन अंगठा आणि बोटात चोळली. पिठी बोटाला रवाळ लागते, मैदा मऊसूत लागतो. मग ताटलीत दोन्ही पिठांचे सुपारीएवढे गोळे भिजवले, दहा मिनिटे झाकून ठेवले आणि हळूहळू ओढले. मैद्याचा गोळा ताणला गेला. पिठीचा गोळा तुटायला हवा होता. तो तुटण्याआधी थोडा लांबला. आईने तो पुन्हा मळला, पुन्हा ओढला आणि म्हणाली, ‘ही नुसती पिठी नाही. यात मिसळ आहे.’ काकूंना विचारल्यावर उलगडा झाला. दिवाळीच्या शंकरपाळ्यांनंतर उरलेला मैदा त्यांनी ‘पांढऱ्या पिठाच्या’ अर्ध्या बरणीत टाकला होता. त्यांना वाचता येत नाही. दोन्ही बरण्या सारख्या होत्या. यात त्यांची चूक मला दिसत नाही.

तिसरी बरणी मेतकुटाची. मुलीला सकाळी मऊ भात, तूप आणि मेतकूट लागते. आई तिच्यासाठी गहू न घालता मेतकूट करते. परंतु मेतकुटात डाळी आणि तांदळाबरोबर थोडे गहू भाजून घालण्याची रीत आहे, आणि शेजारून प्रेमाने आलेले मेतकूट त्याच बरणीत वरून घातले गेले होते. या बरणीची पट्टी शाबूत होती आणि तिच्यावरचे नावही बरोबर होते, तरीही ते पुरेसे नव्हते.

याशिवाय कणकेच्या आणि ज्वारीच्या पिठाच्या बरणीत एकच वाटी फिरत होती आणि दोन्ही पिठे एकाच चाळणीतून जात होती. यांपैकी नेमक्या कोणत्या वाटेने किती ग्लूटेन मुलीच्या पोटात गेले हे सांगता येणार नाही, आणि तसे सांगण्याचा मोह आम्ही टाळला. ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात भारतीय नियमांनुसार एका किलोत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाही, एवढे लक्षात घेतले तरी पिठीच्या बरणीतील मूठभर मैदा केवढा मोठा होता हे कळते.

समोर असलेले पर्याय

भावाचे पहिले म्हणणे होते की सगळ्या बरण्या काढून टाकाव्यात आणि सामान पाकिटातच ठेवावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, ग्लूटेन असलेली धान्ये, शेंगदाणे, दूध, सोयाबीन यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांची सूचना, चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख द्यावी लागते. ही सारी माहिती फुकट मिळत असताना ती फेकून का द्यायची, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण उंदीर, झुरळे आणि पावसाळी दमट हवा यांवर पाकीट हे उत्तर नाही. शिवाय पाकिटावरची तारीख ही न फोडलेल्या पाकिटाची असते. एकदा फोडल्यावर तिचा भरवसा धरता येत नाही.

दुसरा पर्याय बरण्या तशाच ठेवून पट्ट्या अधिक चांगल्या करण्याचा होता. वहिनींना तो पटत होता. मला पटला नाही, कारण मेतकुटाने त्याचे उत्तर आधीच दिले होते. पट्टी नाव सांगते, घटक सांगत नाही.

तिसरा पर्याय घरातून गहू पूर्णपणे काढून टाकण्याचा. आहारतज्ज्ञांच्या मते तो सर्वांत सुरक्षित होता. वहिनी लगेच तयार झाल्या. आईला दातांमुळे भाकरी चावत नाही, तिला मऊ पोळी लागते. मुलगा डब्यात पोळीभाजी नेतो. आणि मुलीने स्वतः सांगितले की तिच्यामुळे दादाची पोळी बंद झालेली तिला नको. त्या वेळी मी आहारतज्ज्ञांच्या बाजूने होते. पुढच्या सहा महिन्यांत माझे मत थोडे बदलले, ते पुढे येईल.

चौथी कल्पना मुलाची होती: प्रत्येक वेष्टनाचे छायाचित्र काढून मोबाइलमध्ये ठेवावे. जोड म्हणून ती चांगली आहे. मात्र मोबाइल एकाच्या खिशात असतो आणि स्वयंपाक दुसरीच करत असते. शिवाय पुढच्या खेपेस आणलेले पाकीट तेच असेल याची खात्री नसते, कारण कंपन्या घटक बदलतात.

या चर्चेत आई बराच वेळ गप्प होती. नंतर तिने जे सांगितले त्याने चर्चेची दिशा बदलली. तिच्या काळी सगळेच डब्यात असे: पत्र्याचे डबे, पितळी डबे, चिनी मातीच्या बरण्या, धान्याच्या कोठ्या. कशावरही पट्टी नसे आणि तरी गोंधळ होत नसे, कारण धान्य सुटे येई, निवडणारी, दळून आणणारी, भरणारी आणि रांधणारी बाई एकच असे. डब्यात काय आहे, केव्हाचे आहे, कोणत्या दुकानाचे आहे, हे सारे तिच्या डोक्यात असे. आता भरतो एक, रांधते दुसरी, आणि सामान कारखान्यातून मिसळून येते. डब्यात काढण्याची सवय आपण पुढे आणली. डबा ओळखणारी ती एक व्यक्ती मात्र आता बहुतेक घरांत एकटी स्वयंपाक करत नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मूळ येथे आहे.

निर्णय आणि कृती

जुलैतील एका रविवारी साऱ्या बरण्या चटईवर मांडल्या आणि एकेका वस्तूपुढे आम्ही दोनच प्रश्न ठेवले. बघून, चोळून किंवा धुऊन ही वस्तू काय आहे याची खात्री करता येते का? आणि वेष्टन गेल्यावर अशी कोणती माहिती जाते जी पुन्हा मिळवता येणार नाही?

तूर, मूग, तांदूळ, साबुदाणा, शेंगदाणे, साखर, चहा, अख्खे मसाले हे डोळ्यांना ओळखू येतात. डाळ-तांदूळ निवडता आणि धुता येतात, चुकून आलेला गव्हाचा दाणा वेचून काढता येतो. ते बरणीतच राहिले. पीठ धुता येत नाही, वेचताही येत नाही. म्हणून दळलेले आणि मिसळलेले सारे, म्हणजे पिठे, हिंग, तयार मसाले, बेकिंग पावडर, यांसाठी पाकीट न ओतता पाकिटासकट बरणीत ठेवण्याचे ठरले. पाकीट बरणीत मावत नसेल तेथे घटकांची यादी आणि तारीख असलेला भाग कात्रीने कापून बरणीला रबराने बांधायचा आणि कागदी चिकटपट्टीवर पाकीट फोडल्याची तारीख लिहायची.

संशयित पिठे, हिंग आणि मेतकूट मिळून साधारण सहा किलो सामान बाहेर निघाले. नेमके काय आहे हे ठाऊक असलेले कणीक आणि मैदा दुसऱ्या घरी दिले. मिसळ असलेली पिठी मात्र कोणालाच दिली नाही, कारण आपल्याला जी वस्तू ओळखता येत नाही ती दुसऱ्याच्या ताटात घालणे योग्य नव्हते. वहिनींना अन्न टाकताना फार वाईट वाटले.

गव्हाबाबत मधला मार्ग निघाला. मैदा आणि रवा घरातून गेले. कणीक राहिली, पण स्टीलच्या डब्यात, सर्वांत खालच्या खणात, लाल झाकणाखाली, स्वतःच्या वाटी, चाळणी, पोळपाट आणि लाटण्यासह. लाल झाकणाची सूचना काकूंची. ‘अक्षर नाही कळत, रंग कळतो,’ असे त्या म्हणाल्या, आणि खरे तर हा प्रश्न त्यांना आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

सर्वांत कडक नियम वरून भर न घालण्याचा होता. बरणी संपली की धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच भरायची. याला ग्लूटेनखेरीज इतरही आधार आहे. तळाशी उरलेल्या जुन्या तेलावर नवे तेल ओतले तर खवट झालेला अंश नव्या तेलालाही लवकर खवट करतो. आणि तांदळातील पोरकिड्याची मादी दाणा पोखरून आत अंडे घालत असल्याने वरून स्वच्छ दिसणाऱ्या जुन्या तांदळातून नव्या तांदळात कीड जाते, झाकण कितीही घट्ट असले तरी.

त्याच दिवशी सिंकखालचे कपाटही उघडले, आणि तेथे धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यासारख्याच बरणीत आणि शौचालयाचे आम्लयुक्त द्रावण पाण्याच्या जुन्या बाटलीत सापडले. याबाबत चर्चा केली नाही. सफाईची रसायने, कीटकनाशके आणि औषधे मूळ वेष्टनातून कधीही काढायची नाहीत, असे तेथल्या तेथे ठरले. पाण्याच्या बाटलीतील द्रव मूल पाणी समजून पिते, आणि तसे झालेच तर पोटात काय गेले हे डॉक्टरांना सांगणारा एकमेव कागद म्हणजे मूळ बाटलीवरचे लेबल असते.

परिणाम

सप्टेंबरपर्यंत मुलीचे पोट फुगणे कमी झाले. जानेवारीतील तपासणीत प्रतिपिंडांची पातळी स्पष्टपणे खाली आली होती, अजून पूर्ण सामान्य नव्हती. हिमोग्लोबिन सुधारले होते. ही पातळी उतरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे डॉक्टर समाधानी होते. लोहाचे औषधही चालू असल्याने सारे श्रेय बरण्यांना देता येत नाही.

नवी व्यवस्था बिनचूक चालली असे नाही. बरणीतल्या पाकिटातून पीठ काढताना सांडते, आणि आईच्या संधिवाताच्या बोटांना पाकिटाचे तोंड गुंडाळणे जमत नाही, म्हणून कपड्यांचे लाकडी चिमटे आणले. बाजरीचे पीठ एकदा कडू झाले. ते मुळातच लवकर कडवट होते, आणि आता आठवड्यापुरतेच दळून आणतात, तेही गहू दळला जात नाही अशा गिरणीतून. गौरी-गणपतीत पाहुण्यांनी मदतीच्या ओघात एक अर्धे बेसन दुसऱ्यावर ओतले आणि दोन्ही बाजूला ठेवावी लागली. फडताळ पूर्वीसारखे देखणे राहिले नाही. वहिनींना त्याचे वाईट वाटते आणि मला ते वाईट वाटणे रास्त वाटते, कारण ते घर त्यांनी हौसेने उभे केले होते.

गव्हाबद्दलचे माझे मत येथे बदलले. गहू पूर्ण गेला असता तर धोका आणखी घटला असता, यात शंका नाही. पण लाल झाकणाला हात लावला की हात धुवायचा, हे नऊ वर्षांची मुलगी आता स्वतः सगळ्यांना बजावते. उद्या ती वसतिगृहात किंवा सासरी, गहू असलेल्याच स्वयंपाकघरात राहणार आहे, आणि ही तयारी तिच्या कामी येईल असे मला वाटते. पुढच्या तपासणीत पातळी उतरली नाही तर मात्र हा निर्णय पुन्हा उघडावा लागेल, हे भाऊ-वहिनींनी मान्य केले आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू दिवाळीआधीचा होता. बरण्या आधी आल्या आणि त्यांत काय भरायचे हे नंतर ठरले. यादी आधी केली असती तर अठ्ठेचाळीसऐवजी तीस बरण्या पुरल्या असत्या आणि रुंद तोंडाच्या, पाकीट मावेल अशा आणता आल्या असत्या. दुसरा डिसेंबरमधला. हिंगाची रिकामी डबी जपून ठेवली असती तरी शोध एका मिनिटात संपला असता. तिसरा मार्चमधला, जेव्हा मुलीची लक्षणे परीक्षेवर ढकलली गेली. त्यात मीही होते. फोनवर ‘होतं असं परीक्षेच्या दिवसांत’ असे मीच म्हटले होते.

एक गोष्ट आम्ही जुलैत पूर्णपणे विसरलो आणि ती ऑक्टोबरात ध्यानात आली. घरी केलेल्या गोड्या मसाल्याला मुळात पाकीटच नसते. त्यात हिंग पडतो, आणि तो कोणता पडला हे करणारीलाच ठाऊक असते. यंदा आईने मसाला कुटून बरणी भरली, तेव्हा आतल्या बाजूला काचेला टेकवून एक चिठ्ठी उभी केली. तिच्यावर तिच्या थरथरत्या अक्षरात धणे, तीळ, खोबरे, दगडफूल अशी सगळी यादी आहे, तारीख आहे, आणि हिंगापुढे दोन रेघा ओढून लिहिले आहे: ‘तांदळाच्या पिठाचा. डबी वाचून घेतला.’